गॅस्केट जळालं म्हणजे पाणी तुटलं

आष्टी म्हटलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "बीडची का?" नाही हो. वर्धा जिल्ह्यातली, १९४२ च्या लढ्यातली आष्टी आहे, तीही नव्हे. आमची आष्टी जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. गावातली जुनी माणसं बोलताना अजून चटकन 'परभणी जिल्हा' म्हणून जातात, कारण १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला तोवर परतूर तालुका परभणीतच होता. त्याच्याही आधी, १९४८ पर्यंत, सगळंच निजामाच्या राज्यात. पत्ते इतके बदलले, पण गावाखालची जमीन तीच राहिली. वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण.

त्या पाषाणातल्या पाण्याबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं. पण पाण्याच्या इतिहासाला कुठून हात घालायचा ते सुचत नव्हतं. धरणांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, डावा कालवा जालना जिल्ह्यातून परभणीकडे गेला... हे सगळं नोंदलेलं आहे. विहिरीचं तसं नाही. विहीर ज्याची त्याची, तिचा इतिहास घरातल्या घरात राहतो. म्हणून मी हा लेख एका फार छोट्या वस्तूपासून सुरू करणार आहे. ऑईल इंजिनाच्या हेडखाली बसणारं तांब्याचं गॅस्केट. आमच्याकडे बायाबापड्यासुद्धा त्याला 'ग्यासकीट' म्हणायच्या आणि ते जळालं की घरातली हवा बदलायची.

आधी मोटेचा जमाना. चामड्याची मोट, नाडा, सोंदूर, धावेवरून उतरणारी बैलजोडी, थारोळ्यात धबकन पडणारं पाणी. मोटेबद्दल आपल्याकडे फार गोड गोड लिहिलं जातं. पण पहाटे चारपासून धावेवर बैलांमागे उलटं-सुलटं चालणाऱ्या माणसाला कुणी विचारलं असतं, तर त्यानं इंजिनासाठी नवसच बोलला असता.

आणि इंजिन आलं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन माणसाचं इंजिन १८९७ मध्ये नीट चाललं. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याच्याच पद्धतीचं एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, हे वाचून मला गंमत वाटली. भुईमुगाला पाणी देणारं इंजिन भुईमुगावरच चालू शकत होतं म्हणायचं! महाराष्ट्रात साताऱ्याला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यानं १९३० च्या दशकातच डिझेल इंजिनं बनवायला घेतली. (हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. तेव्हा मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत.) पुढे १९४६ मध्ये शंतनुराव किर्लोस्करांनी पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स उभी केली. तिकडे इंग्लंडमधल्या लिस्टर कंपनीच्या, १९३० च्या सुमारास आलेल्या, संथ चालीच्या इंजिनाची घडण राजकोटच्या कारखानदारांनी उचलली. मराठवाड्यात ही सगळी इंजिनं तशी उशिरा पोचली. भूविकास बँकेचं कर्ज, विहिरीवर बोजा, आणि एक दिवस बैलगाडीतून शेतात उतरलेलं हिरवं किंवा निळं धूड. बहुतेक घरांतली हीच कथा. तुमच्याकडेही थोड्याफार फरकानं अशीच असेल.

आता गॅस्केट. इंजिनाचा सिलिंडर म्हणजे एक नळकांडं आणि हेड म्हणजे त्याचं झाकण. लोखंडावर लोखंड कितीही घासून गुळगुळीत केलं तरी मध्ये केसभर फट राहतेच. ती बुजवायला मध्ये काहीतरी मऊ हवं, ते म्हणजे गॅस्केट. सुरुवातीच्या कित्येक इंजिनांत ही भानगडच नव्हती, कारण झाकण आणि नळकांडं एकसंध ओतलेलं असायचं. पण मग आतलं काही बिघडलं की दुरुस्ती महाकठीण. १९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी मोटार आली, तिचं हेड मात्र सुटं होतं. नट काढा, झाकण उचला, आत हात घाला. सुट्या हेडची ही पद्धत तिच्यामुळे फार पसरली. थोडक्यात, गॅस्केट म्हणजे 'हे यंत्र उघडता येतं' याची खूण. खेड्यात इंजिन टिकलं ते त्याच्या ताकदीमुळे जितकं, तितकंच या उघडता येण्यामुळे, असं मला वाटतं.

या पातळशा तुकड्यावर काय ओझं असतं ते पाहा. पाच हॉर्सपॉवरच्या, १५०० फेऱ्यांच्या नेहमीच्या इंजिनाचा बोअर ८० मिलिमीटर असतो. म्हणजे पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ साधारण ५० चौरस सेंटिमीटर. डिझेल पेटतं तेव्हा आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला ६० किलोच्या घरात जातो. गुणाकार करा, तीन टन! तीन टनांचा हा दणका हेडला खालून मिनिटाला ७५० वेळा बसतो. आठ तास भिजवण केलं तर साडेतीन लाखांवर दणके. आणि त्या आगीच्या शेजारीच, बोटभर अंतरावर, गार पाणी खेळत असतं. आग, पाणी आणि तेल या तिघांना एकमेकांपासून वेगळं ठेवायचं काम त्या गॅस्केटचं. एकत्र कुटुंबात असा एक माणूस असतोच, तो आहे तोवर कुणाच्या लक्षात येत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. मोटारीला असतो तसा रेडिएटर या पंपसेटला नसतो. काही ठिकाणी पाण्याचं पिंप जोडत, पण आमच्याकडची रीत साधी. पंपाच्या डिलिव्हरी पाइपाला एक बारीक नळी जोडलेली. विहिरीतून वर आलेल्या पाण्यातलंच थोडं पाणी त्या नळीनं सिलिंडरभोवती जायचं, तिथून हेडमध्ये आणि मग बाहेर पाटात. लहानपणी हिवाळ्यात आम्ही पोरं त्या कोमट धारेखाली हात धरून बसायचो. म्हणजे विहिरीचं पाणी पिकाला जायचं तेच इंजिनालाही जायचं. विहिरीत पाणी आहे तोवर इंजिन थंड. पाणी तुटलं, पंपानं हवा धरली, की पिकाचं पाणी बंद आणि त्याच क्षणी इंजिनाचंही बंद.

पण इंजिन लगेच थांबत नाही, इथंच घोटाळा होतो. पंप रिकामा फिरतो, भार कमी झालेला असतो, इंजिन मजेत टुकटुकत राहतं आणि आतल्या आत तापत जातं. पाटाच्या दुसऱ्या टोकाला दारं धरणाऱ्याला पाणी बंद झालेलं उशिरा कळतं. तो धावत येतो. तोवर विहिरीत घागरभर पाणी पुन्हा साचलेलं असतं. तो घाईनं पंपात पाणी ओततो, फुटबॉल (म्हणजे फूटव्हॉल्व्ह, आमच्याकडे फुटबॉलच म्हणतात!) गळत असेल तर शेणकाला ओततो, आणि पंप पाणी उचलतो. तापून लाल व्हायला आलेल्या हेडमध्ये गार पाण्याचा लोंढा. लोखंड आकसतं, हेड वाकतं, गॅस्केट जातं. मग सायलेन्सरमधून पांढरा धूर, गार पाण्याच्या नळीतून बुडबुडे, किंवा क्रँककेसमधलं ऑईल दुधाच्या चहासारखं. हँडल मारताना नेहमीचा दाबच लागत नाही, नुसतं 'फुस्स' होतं.

मग मिस्तरी. आमच्याकडे येणाऱ्या मिस्तरींचं नाव इथं लिहीत नाही, घरच्यांना ते ठाऊकच आहे. सायकलच्या कॅरिअरला खताच्या पोत्यात गुंडाळलेले पाने, बस्स. आले की आधी हेडला हात लावून बघायचे. गरम असेल तर बाभळीखाली बसून चहा. "गरम हेड खोललं की वाकतं," हा पहिला नियम. मग पाणी सोडायचं, सायलेन्सर उतरवायचा, डिझेलची नळी सोडून तिच्या तोंडाला स्वच्छ चिंधी बांधायची, रॉकर काढायचा. पुशरॉड ज्या क्रमानं निघाल्या त्या क्रमानं कडब्याच्या पेंढीत खोचून ठेवायच्या. नट एकदम एक काढायचा नाही, समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत जायचे, बाजेची दोरी सोडतात तसे. हेड चिकटून बसलं तर छिन्नी घालायची नाही. लाकडी ठोकळ्यानं हळू ठोकायचं.

हेड उचललं की मिस्तरी बराच वेळ नुसतं गॅस्केटकडे बघत बसायचे. जिथून वाफ फुटली तिथं तांब्यावर काळी रेघ उमटलेली असते. तिला ते 'चोरवाट' म्हणायचे. बहुतेक वेळा ती बोअर आणि पाण्याचं भोक यांच्यामधल्या अरुंद पट्टीवर असायची. मग दोन्ही तोंडं साफ करायची आणि हेड सरळ आहे का ते बघायचं. त्याची त्यांची युक्ती मला अजून आवडते. जाड सपाट काचेवर तेलात कालवलेला शेंदूर पुसायचा आणि त्यावर हेड उपडं घासायचं. जिथं शेंदूर लागला तो भाग उंच, नाही लागला तो खोलगट. इंग्लंडातल्या जुन्या कारखान्यांतही फिटर लोक हेच लाल शिसं वापरायचे. आमच्याकडे ते मारुतीच्या देवळामुळे घरोघरी होतं. फरक जास्त असेल तर हेड पोत्यात घालून परतूरला किंवा जालन्याला फेस मारायला लेथवर. म्हणजे दोन दिवस गेले. उन्हाळ्यात दोन दिवस म्हणजे वांग्याच्या वाफ्याचा निकाल.

निव्वळ तांब्याचं गॅस्केट असेल तर ते टाकून देत नसत. दाबानं तांबं कडक होतं. ते विस्तवात लालसर तापवून पाण्यात टाकलं की पुन्हा मऊ. पोलाद असं बुडवलं तर उलट कडक होतं, तांबं मात्र नरमतं. तांबट मंडळींना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं, मिस्तरींनी ते इंजिनाला लावलं. बसवताना पुन्हा समोरासमोर, तीन फेऱ्यांत नट कसायचे. पान्याला पाइप घालून जोर करणाऱ्या पोराला ते हटकायचे. इंजिन चालवून, थंड करून नट पुन्हा तपासायचे, टॅपेट लावायचे. गॅस्केटची जाडी बदलली की आतलं अंतरही बदलतं. ते मोजायला पिस्टनवर शिशाच्या तारेचा तुकडा ठेवून इंजिन हातानं फिरवायचं आणि चपटी झालेली तार काढून बघायची. इंजिनिअरिंग कॉलेजात पुढे हे सगळं मोठमोठ्या नावांनी शिकलो. शिकताना डोळ्यांपुढे शेंदूर आणि कडब्याची पेंढी यायची.

एक गोष्ट मात्र तेव्हा कुणालाच माहीत नव्हती. तांब्याच्या दोन पत्र्यांमध्ये पांढरट तंतूंचा थर असायचा, तो ॲस्बेस्टॉसचा. जळालेलं गॅस्केट खरवडून मिस्तरी तोंडानं फुंकर मारून भुकटी उडवायचे आणि आम्ही पोरं वाकून बघत असायचो. ॲस्बेस्टॉस सगळ्या प्रकारांत कर्करोगकारक आहे हे आज पक्कं ठाऊक आहे. युरोपीय संघानं २००५ पासून त्यावर पूर्ण बंदी घातली. आता गॅस्केटं ग्राफाइटची, पोलादाच्या पातळ थरांची असतात. जुन्या गोष्टी सगळ्याच चांगल्या होत्या असं म्हणायची मला सवय लागू नये म्हणून हे मुद्दाम लिहितो. हँडल उलटं फिरून मनगटं मोडलेली माणसं प्रत्येक गावात होती, तेही विसरू नये.

असो. तर वहीबद्दल. आजोबांची शेतीच्या खर्चाची वही माझ्याकडे आहे. त्यात डिझेल, ऑईल, मजुरी, खत यांच्या मध्ये अधूनमधून एक ओळ येते, 'ग्यासकीट, मिस्तरी'. आजोबा तिथीनं लिहायचे. सुरुवातीच्या पानांवर ही ओळ चैत्र-वैशाखात दिसते. पुढे ती फाल्गुनात येते. शेवटच्या काही पानांवर माघात. मी आधी समजत होतो की इंजिन म्हातारं होत होतं. काही अंशी असेलही. रिंगा झिजतात, क्षाराच्या पाण्यानं हेडमधल्या वाटा बुजतात, नट कमी-जास्त कसले जातात. पण ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात मिस्तरी आजोबांना जे म्हणाले ते घरात अजून सांगतात. आजोबा दुकानदाराला शिव्या घालत होते की हलकं गॅस्केट दिलं. मिस्तरी शांतपणे म्हणाले, "मालक, इंजनाचा दोष न्हाई. हिरीला इचारा."

विहिरीला विचारायचं म्हणजे काय, तर ती किती खाली गेली ते बघायचं. काळ्या पाषाणात पाणी मातीसारखं मुरून राहत नाही, ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत असतं, आणि तेवढंच असतं. पंपाचीही एक मर्यादा आहे. हवेच्या दाबावर पाणी ओढणारा पंप हिशेबानं दहा मीटर आणि प्रत्यक्षात वीस-पंचवीस फुटांखालचं पाणी उचलू शकत नाही, मग इंजिन पाचचं असो की पन्नासचं. १९७२ च्या दुष्काळानंतर म्हणूनच विहिरी सुरुंग लावून खोल केल्या गेल्या आणि इंजिनं विहिरीत, मधल्या कट्ट्यावर उतरवली गेली. धुराच्या विषारी वायूनं विहिरीत माणसं दगावण्याचा धोका पत्करूनसुद्धा. त्याच सुमाराला बोअरही आली. पिण्याच्या पाण्यासाठी बोअरवर बसवायला मिशनच्या लोकांनी आमच्या जालन्यातच एक मजबूत हातपंप घडवला, 'जालना पंप' या नावानं तो ओळखला गेला. सोलापुरात त्यात सुधारणा झाल्या आणि त्यातूनच पुढे जगभर गेलेला इंडिया मार्क टू उभा राहिला. पिण्यासाठी बोअर ठीक होती. पण शेतीही तिच्यावर गेली तेव्हा चित्र बदललं.

वीज आली, आधी विहिरीवर मोटार, मग बोअरमध्ये सबमर्सिबल. दुःख करावं असं यात काही नाही. आजी म्हणायची, बटन दाबलं की पाणी, यापरीस देव काय निराळा असतो? पण दोन गोष्टी गेल्या. एक, वीस-पंचवीस फुटांची ती लक्ष्मणरेषा. सबमर्सिबल पाणी ओढत नाही, खालून ढकलते, त्यामुळे पाणी खाली गेलं की पाइप वाढवायचा, नाहीतर नवी बोअर. दुसरी, पैशाची जाणीव. डिझेलचा प्रत्येक तास खिशातून जायचा. विजेचं बिल बहुतेकांना हॉर्सपॉवरवर ठरलेलं, आणि एप्रिल २०२४ पासून तर साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना वीज मोफत. पाणी नसताना मोटार फिरली तर तीही जळते, नाही असं नाही. पण आता पेटीतला रिले तिला बंद करतो आणि पाणी साचलं की पुन्हा सुरू करतो. सोय उत्तम. फक्त, विहीर रिकामी होते आहे हे शेतात कुणाला धावत येऊन बघावं लागत नाही.

२००५ नंतरच्या भारनियमनात गोठ्यातली काही इंजिनं पुन्हा बाहेर निघाली होती. आमचंही काढलं. मिस्तरींच्या मुलानं हेड खोललं, गॅस्केट बदललं, तिसऱ्या हँडलला इंजिन सुरू झालं. विहिरीत मात्र त्याच्या आवाक्यात पाणी नव्हतं. पुढे २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या, शेतकऱ्यांनी स्वतःच्या हातानं झाडं तोडली. त्या बागा बोअरवर होत्या. पाणी संपत आल्याची वर्दी देणारी शेतातली जुनी खूण तोवर मोडीत निघाली होती.

मोडीत म्हणजे शब्दशः. आमचं इंजिन शेवटी भंगारात गेलं. भंगारवाल्यानं लोखंड एका भावानं घेतलं आणि हेडखालचं तांबं काढून वेगळं तोललं. मिस्तरींचा नातू आता ट्रॅक्टरची हेडं खोलतो, टॉर्कचा पाना वापरतो, हात चांगला आहे. ट्रॅक्टरचं गॅस्केट मात्र विहिरीबद्दल काही सांगत नाही.

एका विहिरीची वही म्हणजे जिल्ह्याचा इतिहास नव्हे, हे मला कळतं. म्हणून आमच्या आणि इतरांच्याही घरच्या मंडळींना एक विनंती. जुन्या खर्चाच्या वह्या रद्दीत घालू नका. त्यात गॅस्केटची ओळ कुठं दिसते का बघा, आणि दिसली तर तिच्यापुढचा महिना मला कळवा. आजोबांच्या वहीतली अशी शेवटची ओळ माघातली आहे. पुढच्या पानापासून विजेचं बिल सुरू होतं, आणि त्यानंतर आमच्या विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात तुटलं, ते कुणीच लिहून ठेवलेलं नाही.